फाटकापलीकडची हरिणी

लेस्टरहून लंडनमधल्या पिनरला आम्ही दोघी परतत होतो. मोटरवे बंद, म्हणून आडरस्त्याला लागलो. अंधार पडला होता. पुढच्या गाडीनं एका हरिणीला उडवलं आणि ती मेली गाडी थांबलीसुद्धा नाही. हरिणी मागचे पाय फरफटत कुंपणाच्या भगदाडातून शेतात शिरली. मी गाडी बाजूला घेतली. शेजारी आई होती, काही महिन्यांसाठी पुण्याहून आलेली.

पोलिसांना फोन केला. त्यांनी जवळच्या गावातला एक माणूस पाठवला. जखमी हरणं शोधायची आणि वाचण्यासारखी नसतील तर गोळी घालून त्यांना सोडवायचं, हे तो करायचा. बरोबर रायफल आणि कुत्रा. मला वाटलं, सुटली बिचारी.

पण तो शेताच्या फाटकाशीच थांबला.

"रात्री हरीण मारायला बंदी आहे. तडफडत असेल तर चालतं," तो म्हणाला. "पण अंधारात कुत्र्याशिवाय ती सापडायची नाही, आणि कुत्रा घेऊन मागे गेलो तर ती शिकार ठरू शकते. जखमी जनावरासाठी सूट आहे, फक्त शेतमालकाची परवानगी हवी. नाहीतर माझं लायसन्स जाईल."

मालक फोन उचलत नव्हता. मी सॉलिसिटर, पण जन्म गेला घरांच्या खरेदी-विक्रीच्या कागदपत्रांत. फोनवर कायदा उघडून वाचला. माणूस खरं बोलत होता. शिकार कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, सगळं नीट लिहून ठेवलेलं, आणि आत ती लहान मुलासारखी ओरडत होती. मला त्या कायद्याचा आणि माझ्या शिक्षणाचा संताप आला.

आईनं पाण्याची बाटली घेतली आणि ती फाटकाची कडी काढायला लागली. मी तिचा हात धरला.

"आई, नको. परवानगीशिवाय आत शिरणं म्हणजे ट्रेसपास. तू व्हिजावर आलीयेस."

"मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायला कुणाला विचारायचं असतं गं?"

मी तिचा हात सोडला नाही.

थोड्या वेळानं आतला आवाज थांबला. त्यानंतर मालकाचा फोन आला. जेवत होता म्हणे.

"जा की! यात विचारायचं काय?"

कुत्र्याला शोधावं लागलंच नाही. ती फाटकापासून चार पावलांवर, कुंपणाच्या आडोशाला पडली होती. आई चिखलात बसली, हरिणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. पाणी सगळं बाहेर ओघळलं. बाटली संपेपर्यंत आई ओतत राहिली.