न लागलेली कुऱ्हाड

मारधाडीच्या सिनेमाला कोणी गल्लाभरू म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. डाकू, कुऱ्हाडी, किंकाळ्या, यांत कसली आलीय कला, असं तोंड वाकडं करून विचारणारे शहाणे मी पुष्कळ पाहिले. त्यातले पहिले शहाणे माझे सासरे.

संयुक्त महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी लग्न होऊन पिंपळगाव राजात आले होते. कापूस निघाला की मलकापूरहून तंबूचा सिनेमा यायचा आणि आमच्याच पडीक वावरात उभा राहायचा. जागा सासऱ्यांची, म्हणून तंबूत शब्दही त्यांचाच. मधोमध पडदा, पुढं पुरुष, आणि पडद्याच्या मागं कनातीचा कापडी आडोसा लावून आम्ही बाया. चित्र आरपार दिसावं म्हणून खेळाआधी पडद्यावर पाणी मारायचे. आम्हाला अक्षरं उलटी दिसायची, उजवं ते डावं व्हायचं, चित्रही जरा मंद. तरी मी हरखून जायचे.

त्या वर्षी डाकूंचा एक सिनेमा आला. त्यात एक बाई विहिरीवर पाणी शेंदत असते. मागून डाकू येतो. आधी दिसते फक्त त्याची सावली, विहिरीच्या कठड्यावर चढत जाणारी. संगीत एकदम बंद. ऐकू येतं ते विहिरीवरच्या चाकाचं कुरकुरणं. तो कुऱ्हाड उचलतो, आणि कुऱ्हाड खाली येण्याआधीच पडद्यावर नुसतं चाक. दोर सुटलेला, चाक गरगर फिरतंय, मग खाली बादली आपटल्याचा आवाज. बस. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, ते हे केलं कसं ते पाहायला. एक मरण दाखवायला सिनेमा काढणाऱ्या त्या माणसानं नुसतं चाक फिरवलं होतं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

सासऱ्यांनीही तोच खेळ पुढून पाहिला होता. सकाळी ओसरीवर त्यांनी निकाल दिला.

“बाईची मान तोडते थो, लालभडक रगत उडते! असलं बायाईनं पाह्याचं? उद्यापासून मांगची कनात बंद.”

देवाच्या सिनेमात राक्षसाचं पोट फाडून आतडी काढायचे, तेव्हा हेच सासरे घरच्या बायांना मुद्दाम पाठवायचे. सुनेनं बोलायचं नसतं, पण मला राहवेना. दाराआडून म्हणाले, “मामाजी, मान तुटतच नाई. कुऱ्हाड लागतच नाई तिले. अन् लाल कुठून आलं? चित्र तं काळं-पांढरं हाय.”

“म्या माह्या डोयानं पाह्यलं.”

“म्याबी पाह्यलं. डाव्या हातानं कुऱ्हाड उचलते थो, अन्...”

“डाव्या?” सासरे नवऱ्याकडे पाहून हसले. नवराही हसला. “उजव्या हातात हाय कुऱ्हाड. हिनं नीट पाह्यलंबी नाई, अन् मले शिकवून राह्यली.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मागं बसवणार तुम्ही, आणि उलटं दिसलं म्हणून हसणारही तुम्हीच.

“आज पुन्हा पाहा,” मी म्हणाले. “मान तुटली तं मीच कनात उतरवीन.”

त्या संध्याकाळी एकाच ओल्या कापडाच्या पुढं सासरे आणि नवरा होते आणि मागं मी. सावली कठड्यावर चढायला लागली तशी मी उभी राहिले आणि ओरडले, “मामाजी, आता पाहा!” बायांनी तोंडात पदर कोंबले. पुढून कोणीतरी शिवी हासडली. कुऱ्हाड उठली, चाक फिरलं, बादली आपटली. पुढचे सगळे पुरुष एकदम ओरडले. सगळं माहीत असूनही मी शहारले.

घरी सासरे जेवायला बसले. मग म्हणाले, “खरं हाय तुवं, सूनबाई. कुऱ्हाड लागत नाई. रगतबी नाई.”

मी भाकरी वाढत होते. जिंकलो आपण, असं मला वाटलं.

“पण मले दिसलं,” ते म्हणाले. “आजबी दिसलं. काही न दाखोता एवढं दाखोते, म्हणून तं थे बायाईले नोको.”

त्या सिनेमाला इतकी नेमकी दाद मी पुढं कोणाच्याच तोंडून ऐकली नाही. राग त्याचाच येतो. ते मूर्ख असते तर मी सोडून दिलं असतं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच सकाळी त्यांनी कनात उतरवली.

“तुमीबी पाह्यलं,” मी नवऱ्याला म्हणाले. “मंग काऊन बोलले नाई?”

“बाबापुढं काय बोलू?” तो म्हणाला.

संध्याकाळी त्यानं टोपी घातली आणि तंबूकडे निघाला. त्याच्या मागोमाग सासरेही निघाले, पुन्हा तोच सिनेमा पाहायला.