भामाबाईंनी आणून दिलेली वार

भामाबाई मला 'बाटलीवालं डाक्टर' म्हणायच्या. मूळच्या औंधच्या. मिरजेकडच्या एका इस्पितळात सोळा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून कामाला. मी तिथेच मागच्या खोलीत पोलिओच्या विषाणूवर काम करायचो. रोज सकाळी वॉर्डात चिठ्ठी धाडायची, 'एक वार पाठवा', की तासाभरात भामाबाई झाकलेलं भांडं घेऊन हजर. बाळामागून पडणाऱ्या त्या वारेवरचं पातळ आवरण सोलून त्यातल्या पेशी मी बाटलीत वाढवायचो आणि त्यांना विषाणू द्यायचो. घरच्यांना कुणी विचारत नसे. वार अंगणात पुरायची असते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

सत्त्याहत्तर साली भामाबाईंच्या लेकीला मुलगी झाली. त्या दिवशी दुसरी वार नव्हती. मी कुरकुरलो, तशी त्यांनी नातीचीच आणून दिली.

ती नात, राही, सव्वा वर्षाची झाली तेव्हा तिला ताप आला आणि दोन्ही पाय लुळे पडले.

भामाबाई थेट माझ्या खोलीत आल्या. "आवं डाक्टर, माज्या राहीची वार द्या. पुरून येते. मंग पोर चालंल."

"ती कधीच संपली, भामाबाई."

"तुमी त्या वारेला पोलिओ दिलासा. मंग माज्या पोरीला झाला."

मी चिडलो. या दोन गोष्टींचा काडीचाही संबंध नाही, असं ओरडूनच सांगितलं. विषाणू पेशीत फक्त एक चिठ्ठी सोडतो, तिला आरएनए म्हणतात. ती वाचणारी, तिच्या हुकमाने राबणारी प्रथिनं आपल्याच पेशीतली असतात. त्यातलं कोण तिला मदत करतं, तेच तर मी शोधतोय!



"म्हंजे माज्यावानीच की," त्या म्हणाल्या. "तुमची चिठ्ठी आली, की मी घरचंबी आनून दिलं."

मी हातातली बाटली खाली ठेवली. भामाबाईंनीच पुढे विचारलं,

"त्यो मदत करनारा घावला, तर राही चालंल?"

"राही नाही. पुढची मुलं, कदाचित."

त्या पदरात तोंड खुपसून रडल्या. जाताना म्हणाल्या, "आता इचारूनच आनीन."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वॉर्डाच्या दाराशी थांबलो. म्हसवडच्या रंगुबाई सुनेच्या खाटेशी वार पुरायला नवं गाडगं घेऊन बसल्या होत्या. भामाबाईंनी हात जोडून वार मागितली, कशासाठी तेही सांगितलं.

"तुमी दिलीवती का कवा?" रंगुबाईंनी विचारलं.

"व्हय. नातीची."

"बरी हाय का नात?"

भामाबाईंनी खोटं बोलावं असं मला फार वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

"न्हाई," भामाबाई म्हणाल्या. "पाय गेलं तिचं."

रंगुबाईंनी गाडगं छातीशी ओढलं. भामाबाईंनी ते हळूच सोडवून घेतलं, वार धुऊन आत ठेवली आणि वर फडकं बांधून गाडगं रंगुबाईंच्या हातात परत दिलं. मग कमरेला खोचलेली माझी त्या दिवशीची चिठ्ठी काढून मला परत दिली.