एका बहिणीसाठी प्रार्थना

सकाळचे नऊ वाजून पस्तीस मिनिटं! आमच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये घड्याळ अगदी डोळ्यांसमोर आहे, म्हणून वेळ पक्की ठाऊक. त्याच मिनिटाला मी रविवारच्या उपासनेत उभी राहिले आणि चांगल्या चाललेल्या संसाराचा भर मंडळीत बाजार मांडला. आता काय काय सांगू? हसू नका हं. मला अजून राग येतो!

तेव्हा सोनू आठ महिन्यांचा. आम्ही पिंपळवंडीच्या मळ्यात राहायचो. आमचे हे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. माणूस तसा बोलका. पण त्या आठवड्यात काय झालं कोण जाणे, बोलणं बंद! ताट वाढलं की दोन घास खायचे आणि उठायचे. संध्याकाळ झाली की मानेला मफलर गुंडाळून, काही न सांगता बाहेर. विचारलं तर नुसतं "हूं."

आता तुम्हीच सांगा, अंगावर पोर असलेल्या बाईच्या मनात काय येईल? मी रात्ररात्र पोराला थोपटत विचार करायची, ह्या माणसाचं मन माझ्यावरून उडालं. गेला आता!

पण मंडळीत नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आमच्यात एक रीत आहे. गाणी झाली, स्तुती झाली की पाळकसाहेब विचारतात, कुणासाठी प्रार्थना हवी का? लाजेची गोष्ट असली तर 'एका बंधूसाठी', 'एका बहिणीसाठी' एवढंच म्हणायचं. नाव प्रभूला ठाऊक असतं. त्या रविवारी हे पिंपरी पेंढारला विहिरीतली मोटार काढायला गेलेले. मी संधी साधली.

"एका बहिणीसाठी प्रार्थना करा. तिचा नवरा बोलत न्हाई, घरी जेवत न्हाई, सांजच्याला कुठं जातो सांगत न्हाई."

सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली. मला हलकं वाटलं. विषय संपला.

संपला? कसला संपतोय!

दोन रविवारांनी घोडेगावच्या रूथमावशी आमच्याकडे उपासनेला आल्या. या मावशी गावोगाव फिरून बायांच्या संगती, म्हणजे प्रार्थनेच्या बैठका, घेतात. आवाज असा की माइक लाजेल. त्या उठल्या, पदर डोळ्यांना लावला.

"बायांनो, लई जड मनानं सांगते. याच तालुक्यात एक बहीण हाय. नवऱ्यानं दुसरं घर मांडलंय! रोज सांजच्याला तिकडंच जेवतो. हिकडं तान्ह्या लेकराला दूध न्हाई, घरात दाणा न्हाई. पार डोंगरातल्या आहुपेपस्तोर बाया तिच्यासाठी उपास धरत्यात!"

माझं काळीज फाटलं हो! माझं दुःख ते काय, तिच्यापुढे? नवरा जेवत नाही म्हणून मी रडत होते, आणि या बिचारीला खायलाच नाही. आधी मी प्रभूची स्तुती केली, की माझं माणूस निदान तसलं नाही. आणि मग जो संताप आला! उभी राहिले आणि मोठ्यानं प्रार्थना करायला लागले.

"हे प्रभू, त्या मेल्याला अन्न गोड लागू देऊ नको! झोप लागू देऊ नको! पश्चात्ताप करंस्तोर त्याला ठणका लागू दे!"

पुरुषांच्या बाजूने, मफलरमधून आमच्या ह्यांचा दबका आवाज आला, "आमेन."

उपासना झाल्यावर मीच पुढाकार घेतला. म्हटलं, नुसती प्रार्थना काय कामाची? चला, तिच्या घरी जाऊ. अर्पणासाठी आणलेले दोन शेर तांदूळ मी दिले, माझी जांभळी साडी दिली, धुऊन आणलेली. सोनूला ह्यांच्याकडे दिलं. ते पोराला घेऊन मोटारसायकलवरून पुढे घरी गेले. आम्ही सातआठ बाया चालत निघालो.

"मावशी, घर ठाव हाय का?"

"तुमच्या पाळकीणबाईंनी निरोपात खुणा धाडल्या व्हत्या. नाव न्हाई सांगितलं. चल तू."

पाळकीणबाई त्या दिवशी माहेरी. विचारणार कुणाला?

ओढ्याच्या अलीकडे मावशी डावीकडे वळल्या. अगं बाई, ही तर आमचीच वाट! उसाच्या कडेने गेलो. मग चिंच आली. मावशी म्हणाल्या, "आता चिंचंच्या पल्याड."

मी थांबलेच. चिंचेपलीकडे घरं दोनच. एक आमचं, एक दत्तूभाऊजींचं. म्हणजे दत्तूभाऊजी? एवढा गरीब दिसणारा माणूस! शेजारी राहून मला पत्ता नाही? भाऊजी गोठ्यात कडबा टाकत होते. मी तिथेच धरलं.

"काय वो भाऊजी, लाज न्हाई वाटत?"

"कशाची, वयनी?"

"दुसरं घर मांडायची!"

भाऊजींच्या हातातून कडबा गळाला. घरातून त्यांची बायको शेंगा खात बाहेर आली. चांगली गुटगुटीत. "कुठं मांडलंय?" ती म्हणाली. "ह्येंला हितलं घर आवरंना!"

मावशींनी माझा दंड धरला. "पोरी, ह्ये न्हाई. दारात मोडक्या मोटारींचा ढीग हाय म्हणत्यात."

सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. मीपण बघितलं. मोडक्या मोटारींचा ढीग. त्यावर वाळत घातलेली सोनूची दुपटी.

दारात आमचे हे उभे. कडेवर सोनू. घरी आले म्हणून मफलर काढलेला आणि उजवा गाल टम्म फुगलेला, पुरीसारखा!

"दाड," ते कसंबसं म्हणाले. "तीन आठवडं झालं दाड दुखतीया. सांजच्याला कंपाउंडरकडं गोळ्या आणाया जातो."

"मग मला सांगायला काय झालं व्हतं?"

"तू रडली असतीस. अन् उपटाया नेलं असतंस." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "लई जोराची प्रार्थना केलीस गं आज. हॉलमधनं निघालो तवापासनं असा ठणका लागलाय!"

पण तांदूळ कुणी परत नेतंय का? "देवाच्या नावानं आणलंय, माघारी न्यायचं नसतं," मावशी म्हणाल्या. माझेच तांदूळ, माझीच साडी, माझ्याच ओटीत! त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला. पाळकीणबाई आल्यावर मी भांडायला गेले, तर त्या म्हणतात, "अगं, 'एका बहिणीसाठी' म्हणताना तू हुंदके देत होतीस. मला तेव्हाच कळलं. मी खुणा तेवढ्या दिल्या, दुसरं घर नाही दिलं." मग ते कुणी बांधलं? सगळ्या म्हणतात, आम्ही फक्त पुढे सांगितलं!

सोमवारी नारायणगावला नेऊन ह्यांची दाढ काढली. अर्धा चेहरा काळानिळा. आणि पुढच्या रविवारी घोडेगावच्या उपासनेत काय झालं, ऐका. एक बाई उठून म्हणाली, "एका बंधूसाठी प्रार्थना करा. बिचाऱ्याला बायको मारती. गाल सुजस्तोर!"

आहुपेच्या बाया आता आमच्या ह्यांच्यासाठी उपास धरतायत म्हणे.

म्हणून हात जोडून सांगते, तिकडे कुणी जाणार असाल तर एवढा निरोप द्या. ती दाढ होती. मी बोटसुद्धा लावलेलं नाही. आणि हे सांगताना 'एक बहीण' म्हणू नका हो, माझं नाव घेऊनच सांगा!