लंकेला निघालेल्यांची शिकवणी

साठ साल उजाडायच्या जरा आधी मी जर्मनीत डार्मश्टाटला शिकत होतो. राहायचो एका विधवा बाईंच्या घरी, माळ्यावरच्या खोलीत. त्यांच्या अटी दोन: खोलीत पाहुणा नको आणि स्वयंपाक तर मुळीच नको. दर रविवारी बाई चर्चला गेल्या, की मी पलंगाखालून स्पिरिटचा स्टोव्ह काढायचो आणि खिडकी सताड उघडून मसुराची आमटी करायचो. पकडलो गेलो तर खोली जाणार, हे पक्कं. युद्धात गाव बेचिराख झालेलं, खोल्यांची मारामार होती.

अशात बाईंच्या जावयांची नेमणूक लंकेला झाली. बाईंनी मला खाली कॉफीला बोलावलं.

"तुम्ही तिकडचेच ना? माझ्या लेकीला तिथल्या रीतीभाती शिकवा. चारचौघांत तिची फजिती नको."

मी साताऱ्याचा. समुद्र प्रथम पाहिला तो जर्मनीला येताना. लंकेबद्दल ठाऊक एवढंच, की ती एकदा जळाली होती. पण समोर सफरचंदाचा केक होता. मी साताऱ्याच्या रीती लंकेच्या म्हणून खपवल्या.

"कोणाकडे जाताना आधी कळवायचं नाही. त्यांना परकेपणा वाटतो."

लेक वहीत लिहीत होती. "दारावर टकटक?"

"छे! 'आहात का घरात?' म्हणत सरळ आत शिरायचं. काय शिजतंय ते बघायचं. पगार विचारायचा. लग्न झालं नसेल तर का नाही, तेही."

"पगार?" जावई हादरले.

"प्रेमाने विचारायचा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत लेकीने खाली दोन रेघा ओढल्या.

पुढच्या रविवारी मी नुसत्या पंच्यावर आमटी ढवळत होतो. धाडकन दार उघडलं.

"आहात का घरात?"

लेक आणि जावई, कोट-टोपीसकट! जन्मभर ज्याच्या घरात लोक असेच घुसत आले, तो मी मनात ओरडत होतो: न कळवता? रविवारी?

जावयांनी पातेल्यावर वाकून वास घेतला. लेकीने वही उघडली. "तुमचं लग्न का नाही झालं?"

"हळू बोला! बाईंना स्टोव्ह कळला तर मला घालवतील."

"मुटी? आई मागेच आहे. आम्ही आलो म्हणून आज चर्चला नाही गेली."

बाई दारात उभ्या. आधी स्टोव्हकडे पाहिलं, मग पंच्याकडे. चेहरा पांढराफटक.

"बाई, हा सगळा शिकवणीचाच भाग..." मी चाचरलो.

"एक तारखेला खोली रिकामी करा."

"पण मुटी," लेक म्हणाली, "तिकडे पाहुण्यांसमोर कोणाला रागवत नाहीत!"

हे मी शिकवलंच नव्हतं.

"मग तिकडे आले, की नाही रागवणार," बाई म्हणाल्या.

एक तारखेला त्यांनी भिंतींचा वास घेतला, रंग द्यावा लागेल म्हणाल्या आणि माझ्याशी रीतसर हात मिळवला. त्यानंतर मी आठ घरमालकिणींना, आधीची खोली का सोडली, याच्या आठ थापा मारल्या. नववीला सगळं खरं सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, रुमालाने डोळे टिपले आणि खोली द्यायला नाही म्हणाली.