उंबराचं नातं

उत्क्रांतीचा धडा पुस्तकातून कमी झाला, तरी मी वर्गात तो शिकवतेच. सुरतेतल्या नवागामच्या आमच्या मराठी शाळेत मला कुणी अडवलं नाही. अडवलं घरात, माझ्या वडिलांनी, आप्पांनी. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या वाफेत जन्म गेलेला माणूस. माणूस आणि माकड एकाच मुळाचे, असं मी एकदा जेवताना बोलून गेले, तर ताट सरकवून उठले.

"माकड तुना आजा व्हई, मना नही! आमले देवनी बनाडं."

"मग शनिवारी मारुतीला तेल कशाला घालता?" मी चिडवलं. माय म्हणाली, गप बस आता. तेव्हा सगळं हसण्यावारी गेलं.

पुढे ताईचं लग्न ठरलं. मुलगा पर्वत पाटियाकडे साड्यांची पार्सलं पाठवायच्या कामावर. दोघांचं आधीपासूनच जमलं होतं, आणि नवल म्हणजे आप्पांनाही तो आवडला होता. ताई इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. भांडी घासतानाही गुणगुणायची.

साखरपुड्याला मुलाचे थोरले काका धुळ्याकडून आले. टेकल्या टेकल्या त्यांनी आप्पांना विचारलं, "तुमचं देवक कोणतं?" देवक म्हणजे कुळाचं झाड. लग्नात मांडवाच्या खांबाला त्याची फांदी बांधून पुजतात. आप्पा म्हणाले, उंबर. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचंही उंबरच होतं. मुलाचे वडील सुरतेतच वाढलेले, त्यांनी लग्न ठरवताना अंदाजाने पाच पालवी, म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्यांचं देवक, असं सांगून टाकलं होतं. आडनाव वेगळं, गाव वेगळं, पण देवक एक म्हणजे रक्त एक. म्हणजे दोघं भाऊबहीण.

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, माकडाशी नातं सांगितलं तर ताट सरकवलंत, आणि झाडाशी नातं चालतं? त्या झाडापायी हिचा संसार मोडता?"

"उंबर देव आहे," आप्पा शांतपणे म्हणाले. "आणि तुझ्या पुस्तकाचं खरं मानलं तर सगळेच एकमेकांचे भाऊबहीण. मग लग्न करायचं कुणी कुणाशी? आमच्यात निदान कुठं थांबायचं ते ठरलेलं आहे."

वर्गात अशा प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं. किती पिढ्या, किती लांबचं नातं, सगळं समजावते. त्या खोलीत मी तेच ओरडून सांगत होते आणि एकही माणूस ऐकत नव्हता. सगळे ताईकडे बघत होते, आणि ताई त्या मुलाकडे. तो मान खाली घालून बसला होता. मेल्या, बोल ना काहीतरी, असं मला झालं.

मग काकाच म्हणाले, पोरं उद्या चोरून भेटतील, लोक तोंडात शेण घालतील, आत्ताच भावाबहिणीचं नातं पक्कं करून टाका. राखीचे दिवस नव्हते. पूजेच्या ताटातली नाडाछडी, तो लाल दोरा, तोच ताईच्या हातात दिला. माय पदर तोंडाला लावून आत निघून गेली. आप्पांचे डोळे भरले होते, पण ते जागचे हलले नाहीत. ताईने मुलाच्या मनगटाला दोरा बांधला, गाठ मारली.

"ओवाळणी घाल बहिणीला," काका म्हणाले. मुलाजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. साखरपुड्याला आणलेली हिरवी साडी त्याने तिच्यापुढच्या पूजेच्या ताटात ठेवली.

ताईने ती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येत जा, भाऊ."