रिकामी आकडी

कारखान्यात मारामारी होऊ नये आणि सरकारी नियम पाळले जावेत एवढ्यासाठी कोणी माणसाला पगार देऊन ठेवतो, हे माझ्या आईला कधी पटलं नाही. "म्हंजे तू दिवसभर करतंस तरी काय रे?" असं ती जेवायला वाढताना विचारायची. मी चिडायचो, कारण मलाही नीट उत्तर देता यायचं नाही.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. मुंबईच्या एका गिरणीत कायद्याचे कागद हाताळून मी गावी परतलो होतो. वेंगुर्ल्याच्या बाजूचे एक काजू कारखानदार मला शोधत आले. कारखान्यांच्या सरकारी निरीक्षकांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. काजू भाजायच्या भट्टीला कठडा नाही, वाळूच्या बादल्या नाहीत, टरफलातल्या तेलानं बायकांचे हात सोलवटतात त्यावर उपाय नाही. "ते सगळं तुम्ही बघा आणि मला सुखानं झोपू द्या," मालक म्हणाले.

कठडा झाला, बादल्या आल्या, बायकांना हाताला लावायला खोबरेल मिळू लागलं. राहिली निरीक्षकांची शेवटची अट, की आवारात हत्यार आणायचं नाही. मी ऐटीत पाटी रंगवून घेतली, 'हत्यारे घेऊन आत येण्यास सक्त मनाई आहे.' दुसऱ्या दिवशी पुरुषांनी ती मोठ्यानं वाचली, चांगली आहे म्हणाले, आणि कमरेला कोयते लावून आत आले.

आमच्याकडचा पुरुष घराबाहेर पडतो तो कमरेच्या मागे आकडी बांधून. त्या लाकडी आकडीत कोयता अडकवलेला असतो. नारळ सोलायचा, जळणाची फाटी तोडायची, वाटेवरची काटेरी फांदी उडवायची, सगळ्याला कोयता. तो नसला तर माणूस आजारी आहे का म्हणून शेजारी विचारतात. भट्टीवर काम करणाऱ्या एका गड्याला मी अडवलं. आडदांड शरीर, पण बोलणं हळू. त्याची बायको आमच्याकडेच काजू फोडायला बसायची.

"पाटी वाचलंस मा? मग ह्या काय?"

"हत्यार खंय आसा?" त्यानं मागे-पुढे पाहिलं. "हो माजो कोयतो!"

मी कपाळाला हात लावला. त्या निरागसपणापुढे कायद्याचं कुठलंही कलम चाललं नसतं.

मग फाटकाजवळच्या पडवीत मी भिंतीला खुंट्या ठोकून घेतल्या, ज्याची त्याला एक. सकाळी येताना कोयता टांगायचा, जाताना न्यायचा. एकानंही टांगला नाही. आपला कोयता दुसऱ्यानं उचलला तर? धार घालवून ठेवली तर? मी ओरडलो, मालक ओरडले, खुंट्या रिकाम्याच राहिल्या.

हंगामाच्या सुरुवातीला फाटकात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं असतं. गावातला मानकरी देवापुढे सगळ्यांचं मागणं मोठ्यानं मांडतो आणि जमलेले प्रत्येक वाक्याला होकार देतात. तो होकार मोडायचा म्हणजे गावाला तोंड दाखवायची सोय राहत नाही. नव्या हंगामाच्या गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवशी मी मानकऱ्याच्या घरी गेलो आणि माझ्या खुंट्यांचं एक वाक्य घालायची गळ घातली. म्हातारा खूप हसला, पण नाही म्हणाला नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरांनी कारखानो चालू केलो हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जेचो कोयतो तेच्याच खुंटयेर ऱ्हवांदे, दुसऱ्याचो हात तेका लागांदे नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भट्टीवरच्या गड्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्या दिवसापासून खुंट्या भरल्या. निरीक्षक येऊन बघून गेले, खूश झाले, आणि मी गावभर छाती काढून फिरलो.

आमचा मुकादम कामाला वाघ, पण हातापायाला लगाम नाही. एका सकाळी त्या गड्याच्या बायकोची टोपली भरायची राहिली, म्हणून त्यानं तिला बसल्या जागी लाथ मारली. बाजूला भट्टीतून नुकत्याच काढलेल्या बियांचा ढीग होता. ती त्यावर पडली आणि कोपरापर्यंत हात भाजला. तिच्या किंकाळीसरशी नवरा भट्टी सोडून धावत आला.

मी दारात होतो. मुकादम भिंतीला टेकला होता, त्याला पळायला जागा नव्हती. गड्याचा उजवा हात पाठीमागे कमरेकडे गेला. आकडी चाचपली, पुन्हा चाचपली. तिथे काही नव्हतं. तो हात तसाच मागे ठेवून उभा राहिला, काय शोधत होतो तेच विसरल्यासारखा. तेवढ्यात भट्टीवरच्या सोबत्यांनी त्याला कवेत धरलं. त्यानं झटापट केली नाही.

त्याच्या बायकोला बैलगाडीतून डॉक्टरांकडे पाठवलं आणि मी मालकांकडे गेलो. मुकादम जुना, विश्वासाचा, असं ते सांगू लागले. "त्याला ठेवायचं असेल तर मी उद्यापासून येणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की मालक कबूल झाले. दुपारच्या आत मुकादमाला कामावरून काढून घरी पाठवलं.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोघे एकाच वाडीतले. गड्याची घरची वाट मुकादमाच्या खळ्यातून, त्याच्या घरापुढच्या अंगणातून, जात होती आणि संध्याकाळी हातात कोयता असणार होता.

"तो कोयता काढ आणि कपाटात टाक," मालकांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं.

त्यानं हात जोडले. "सायबानू, गाऱ्हाणां घातलेलां आसा. माज्यान हात लावक जावचां नाय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मीच तर घालून घेतलं होतं. शिवाय हा एक कोयता आम्ही दडवला असता तर उद्या कोणीच तिथे टांगला नसता. कोयता खुंटीवरच राहिला आणि मी दिवसभर त्याच्याकडे बघत बसलो. इतका भ्यालो मी आयुष्यात क्वचितच असेन.

सुटी झाली. कोणी घरी जाईना, सगळे आपापले कोयते घेऊन आवारात रेंगाळत राहिले. गडी पडवीत आला. डॉक्टरांचा निरोप मी त्याला सांगितला, जखम मोठी आहे पण भरून येईल.

"हात ऱ्हवतलो मा?" त्यानं विचारलं.

"ऱ्हवतलो रे. चांगलो होतलो."

त्यानं मान हलवली. हात वर नेला, कोयत्याच्या मुठीवर ठेवला. मग हात खाली घेतला.

"आज हंयच ऱ्हवांदेत," तो म्हणाला. "वाटेर तेचां घर लागता. उद्या नेतलंय."

आणि रिकामी आकडी कमरेला तशीच ठेवून तो फाटकाबाहेर पडला. मी पडवीच्या पायरीवर बसलो आणि चारचौघांत रडलो. मला लाज वाटली नाही. मालकही धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

घरी गेलो तेव्हा आईनं ताट वाढलं आणि नेहमीचं विचारलं, "आज काय केलंस?"

"काय एक झालां नाय गो," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. पेजेत आणखी एक डाव भात घातला.