अकरा तास चाललेलं इंजिन

विद्यापीठाच्या ऊर्जा विभागातल्या प्रयोगशाळा सहायकांना सगळे कुलूपराव म्हणत. पाठीमागे तर म्हणतच, पण अधूनमधून तोंडावरही. प्रयोगशाळा इतकी जपणारा माणूस शोधून सापडला नसता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर फडकं आणि जिभेवर एकच वाक्य, "हात लावू नका!" घरीही तोच खाक्या. बायको म्हणायची, "आमच्याकडचे पाहुण्यांचे कप अजून पाहुण्यांनीसुद्धा पाहिले नाहीत."

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने विद्यापीठाशी करार करून वीज तयार करणारं इंजिन दिलं. मुलांनी ते चालवावं, खोलावं, पुन्हा जोडावं. ज्यांचा हात बसेल त्यांना कंपनी नोकरीत घेणार. कुलूपरावांनी काय करावं? बायकोकडून त्याला मापाचं कव्हर शिवून घेतलं! मुलं यायची, कव्हराकडे बघायची, मागच्या वर्षीचे आकडे वहीत उतरवायची. शिकवणारे सर डोळे मिटून सही ठोकायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. इंजिन तेवढं चालत नव्हतं.

मग मुलं निवडायला कंपनीच्या इंजिनिअरबाई आल्या. कुलूपरावांनी झोकात कव्हर काढलं.

"काका, किती छान ठेवलंय हो! अगदी कालच आणल्यासारखं."

कुलूपरावांची छाती फुगली. बाई खाली वाकल्या. इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं एक छोटं मीटर बाजूला होतं. फडक्याने पुसून पुसून त्याची काच लख्ख झाली होती, त्यामुळे आकडा लांबूनही दिसला. अकरा.

"सर, वह्यांत तर चारशे तासांच्या नोंदी आहेत."

सरांनी खोकून घेतलं. "किल्ली यांच्याकडे असते," कुलूपरावांकडे बोट करून म्हणाले. हे मात्र खोटं नव्हतं.

बाईंनी पहिल्या रांगेतल्या मुलीला पुढे बोलावलं. वर्गात सगळ्यात हुशार तीच. "चालू कर बरं."

मुलीने हात पुढे केला. इंजिनापासून वीतभर अंतरावर तो थबकला. तिने मान वळवून कुलूपरावांकडे पाहिलं. हात लावू का, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

कुलूपरावांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आकड्यापेक्षा तो थबकलेला हात त्यांना जास्त झोंबला. "लाव की गं," असं म्हणायचं होतं, पण त्यांचा हात नुसताच किल्ल्यांच्या जुडग्यावर गेला.

बाई चिडल्या नाहीत, हेच वाईट. "यंदा कुणालाच घेता येणार नाही," एवढं म्हणून त्या निघून गेल्या.

घरी बायकोने विचारलं, "कव्हर आवडलं का बाईंना?" कुलूपराव ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला जिन्यात गाठलं आणि जुडग्यातली किल्ली काढून पुढे केली.

"आता काय उपयोग, काका?"

ते तसेच हात पुढे करून उभे राहिले. शेवटी तिने किल्ली घेतली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

प्रयोगशाळेत तिच्या हाताने इंजिन तिसऱ्या खेपेला धडधडलं. तेलाचा काळा थेंब चकचकीत फरशीवर टपकला, मागोमाग दुसरा. कुलूपरावांचा हात सवयीने खांद्यावर गेला. फडकं त्यांनी ओढून काढलं, क्षणभर धरलं आणि पाठीमागे लपवलं.

"डाग पडतोय, काका," मुलगी म्हणाली.

"दिसतोय," ते म्हणाले, आणि मान खाली घालून त्या डागाकडेच पाहत राहिले.